थ्रेडांची दाद : जीडीबी डिबगरमधील घटना-निवडीची चिकित्सा

१. विषयाची मर्यादा

आज्ञावली हीही एक संहिता आहे, आणि संहितेच्या चिकित्सेचे सामान्य नियम तिलाही लावता येतात, हे मत आता नवीन राहिलेले नाही. मात्र अशी चिकित्सा बहुधा आज्ञावलीतील नावे, टिप्पण्या आणि रूपके यांच्यापाशीच थांबते. आज्ञावलीच्या रचनेने कोणाला अग्रक्रम दिला, कोणाला मागे ठेवले, आणि हा क्रम रचनाकाराने जाणून ठरविला की तो अनवधानाने ठरून गेला, याची तपासणी क्वचितच होते. वस्तुतः व्याकरणाच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका वाटू नये. एकाच स्थळी दोन नियमांची प्राप्ती झाली असता कोणता प्रवृत्त व्हावा, या विचाराने भारतीय व्याकरणपरंपरेचा फार मोठा भाग व्यापलेला आहे.

प्रस्तुत लेखात अशा एका लहान परंतु अर्थपूर्ण संहिता-बदलाचा विचार करावयाचा आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहावयास घेतलेला जीडीबी हा डिबगर पुढे अनेकांच्या हातून वाढत गेला. त्याच्या लिनक्सशी संबंधित भागात जानेवारी २०१५ मध्ये एक दुरुस्ती झाली. एकाच आज्ञावलीतील अनेक थ्रेडांकडून एकाच वेळी घटना उद्भवल्या असता डिबगरने त्यांपैकी कोणती प्रथम ऐकावी, हा त्या दुरुस्तीचा विषय होता. दुरुस्ती करणाराने आपल्या बदलाबरोबर जे विस्तृत निवेदन जोडले, त्यात दोषाचे निदान स्पष्ट आहे. तथापि ती दुरुस्ती नेमके काय साधते व काय साधत नाही, याचे मूल्यमापन त्या निवेदनात नाही; ते तेथे अपेक्षितही नव्हते. ते मूल्यमापन येथे करावयाचे आहे.

२. डिबगर हा साक्षीदार

प्रथम वस्तुस्थिती थोडक्यात मांडणे अवश्य आहे. लिनक्समध्ये आज्ञावलीतील प्रत्येक थ्रेड हे कर्नलच्या दृष्टीने एक स्वतंत्र कार्य असते व त्याला स्वतःचा क्रमांक असतो. डिबगर ‘पीट्रेस’ या कर्नल-सेवेच्या साहाय्याने अशा प्रत्येक थ्रेडवर नजर ठेवतो. थ्रेडला सिग्नल आला, तो ब्रेकपॉइंटवर थांबला, एक पाऊल चालून उभा राहिला अथवा संपला, की ती एक घटना होते. ‘वेटपिड’ ही सेवा वापरून डिबगर कर्नलला विचारतो : कोणाकडून काही वार्ता आहे काय? कर्नल एका प्रश्नाला एकच उत्तर देतो. ते उत्तर ऐकून डिबगर योग्य ती कारवाई करतो आणि पुन्हा तोच प्रश्न विचारतो.

या प्रश्नोत्तरांवर डिबगरचे सर्व ज्ञान अवलंबून असते. आज्ञावलीत काय घडले याविषयी तो जे सांगतो, ते त्याने ऐकलेल्या घटनांवरून सांगतो. जी घटना त्याच्या कानी आली नाही ती त्याच्या साक्षीत येत नाही; आणि वापर करणारा तर त्या साक्षीवरच विसंबून असतो. एखाद्या थ्रेडला सिग्नल गेला, कर्नलने तो नोंदविला, परंतु डिबगरला तो ऐकावयास सवडच झाली नाही, तर सिग्नल आलाच नाही असा निष्कर्ष वापर करणारा काढील, आणि नसलेला दोष असलेल्या जागी शोधीत बसेल. साधी आज्ञावली चुकली तर तिचे फल चुकते. डिबगर चुकला तर दुसऱ्या आज्ञावलीविषयीचे ज्ञानच चुकते. येथे चर्चिलेला प्रश्न वरवर पाहता केवळ क्रमाचा वाटतो. प्रत्यक्षात तो साक्षीच्या विश्वसनीयतेचा आहे, आणि म्हणूनच त्याची दखल घ्यावयास हवी.

३. दोषाचे स्वरूप

अनेक थ्रेडांजवळ एकाच वेळी वार्ता असेल तर कर्नल कोणाची वार्ता सांगतो? याचे उत्तर साधे आहे. कर्नल आपल्याजवळील कार्यांची सूची एका टोकापासून क्रमाने पाहत जातो आणि ज्याच्याजवळ वार्ता असेल असे पहिले कार्य सापडताच तेथेच थांबतो. दर वेळी पाहणी पुन्हा सूचीच्या आरंभापासून सुरू होते. मागील खेपेस कोणाची वार्ता दिली होती याची आठवण तो ठेवीत नाही.

आता अशी कल्पना करावी की दहा थ्रेड एका न संपणाऱ्या फेऱ्यात फिरत आहेत आणि त्या फेऱ्यात एक ब्रेकपॉइंट आहे. सूचीच्या आरंभी असलेला थ्रेड ब्रेकपॉइंटवर थांबतो. डिबगर त्याची घटना ऐकतो, त्याला ब्रेकपॉइंटपलीकडे नेतो व पुढे सोडतो. डिबगर पुन्हा प्रश्न विचारीपर्यंत तोच थ्रेड एक फेरा पुरा करून पुन्हा ब्रेकपॉइंटवर येऊन उभा असतो. कर्नलची पाहणी आरंभापासून सुरू होते आणि उत्तर पुन्हा त्याचेच येते. सूचीच्या शेवटी उभा असलेला थ्रेड हाती सिग्नल घेऊन थांबलेला असतो. परंतु त्याच्यापर्यंत पाहणी कधी पोहोचतच नाही. कोणी बुद्ध्या अन्याय केलेला नसतो. एक यंत्रणा अतिशय प्रामाणिकपणे आपला नियम पाळीत असते आणि त्या नियमाच्या पालनातूनच अन्याय निर्माण होत असतो.

येथे पाणिनीच्या व्यवस्थेशी होणारी तुलना उद्बोधक ठरते. अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायातील चौथ्या पादाच्या दुसऱ्या सूत्राचा परंपरेने जो अर्थ लावला आहे त्यानुसार, तुल्यबल नियमांत विरोध आला असता सूत्रपाठात नंतर येणारा नियम प्रवृत्त होतो. तेथेही स्थानावरून बलाबल ठरते. परंतु सूत्रांचा क्रम सूत्रकाराने योजलेला आहे. त्या क्रमाला अर्थ आहे, आणि जेथे तो क्रम पुरेसा पडत नाही तेथे भाष्यकारांनी अन्य परिभाषांचा आश्रय केला आहे. कर्नलच्या सूचीतील क्रमाला असा कोणताही अभिप्राय नाही. कोणता थ्रेड कोणत्या जागी पडला हा योगायोग होय. योजलेल्या क्रमाने दिलेला अग्रक्रम हा नियम असतो. योगायोगाने पडलेल्या क्रमाने दिलेला अग्रक्रम हा केवळ अपघात असतो. जीडीबीच्या जुन्या रचनेत अपघाताला नियमाचे बळ मिळाले होते, असे म्हणता येईल.

४. पूर्वीची उपाययोजना व तिच्या उणिवा

जीडीबीच्या रचनाकारांना हा दोष अज्ञात नव्हता. २०१५ च्या पूर्वीच्या संहितेतही घटना असलेल्या थ्रेडांपैकी एकाची यदृच्छया, म्हणजे जणू फासे टाकून, निवड करणारा भाग होता. आणि असे केल्याने कोणत्याही थ्रेडची उपासमार टळण्यास मदत होते, अशा आशयाची टिप्पणीही त्याजवळ होती. मग दोष उरला कोठे? संहिता बारकाईने पाहता तीन ठिकाणी.

पहिली उणीव व्याप्तीची. जीडीबीत दोन रीती आहेत. एका रीतीत एक थ्रेड थांबला की सर्वच थांबविले जातात. दुसऱ्या रीतीत, जी २००९ मधील ७.० या आवृत्तीपासून उपलब्ध झाली, एक थांबला तरी इतर चालत राहतात. यदृच्छ निवडीचा भाग केवळ पहिल्या रीतीलाच लागू होता. दुसऱ्या रीतीत कर्नलने दिलेले पहिले उत्तरच अंतिम ठरे. म्हणजे जुनी सवय नव्या रीतीस लावावयाची राहून गेली होती. पोटनियम मूळ नियमाबरोबर लिहिला जातो, पुढे मूळ नियमाचा विस्तार होतो आणि पोटनियम जागीच राहतो, हा प्रकार कायद्याच्या संहितांतही आढळतो.

दुसरी उणीव पात्रतेची. निवडीसाठी उभे केले जाणारे उमेदवार केवळ ‘सिगट्रॅप’ जातीच्या घटनांचे, म्हणजे ब्रेकपॉइंट अथवा एकेक पाऊल चालणे यांतून उद्भवलेल्या घटनांचे, असत. अन्य सिग्नल घेऊन आलेला थ्रेड या सोडतीत नसेच. बरेच थ्रेड सतत ब्रेकपॉइंटवर येत असतील तर ‘सिगट्रॅप’ जातीच्या उमेदवारांचा तुटवडा कधीच पडणार नाही, आणि अन्य सिग्नलाची पाळी कधीच येणार नाही. सोडत निर्दोष असली तरी ज्याचे नाव पेटीत टाकलेलेच नाही त्याला तिचा काय उपयोग?

तिसरी उणीव अधिक सूक्ष्म आहे. अनेक थ्रेड एकाच वेळी ब्रेकपॉइंटवर आले तर जीडीबी एकाची घटना कळवी व बाकीच्यांच्या घटना रद्द करी. रद्द करणे म्हणजे काय, हे येथे सांगितले पाहिजे. एक्स८६ जातीच्या यंत्रावर ब्रेकपॉइंट ही एका बाइटची आज्ञा असते, आणि ती अमलात आली की थ्रेडचा आज्ञा-निर्देशक एका बाइटने पुढे गेलेला असतो. डिबगर तो निर्देशक एकाने मागे घेई आणि घटना टाकून देई. विचार असा की थ्रेड पुन्हा चालू झाला की तो ब्रेकपॉइंटवर पुन्हा येईलच. तेव्हा त्याची घटना ऐकता येईल. हा विचार तर्कदृष्ट्या चुकीचा नाही. परंतु यामुळे थ्रेडला एकाच जागी पुन्हा पुन्हा यावे लागते, कर्नल त्याच त्या थ्रेडांना पुन्हा पुन्हा पाळी देऊ शकतो, आणि काही थ्रेड पुढे सरकतच नाहीत. लहान कचेरीत अर्ज घेऊन आलेल्या मनुष्याला दर वेळी ‘उद्या या’ असे सांगितले आणि त्याचा अर्ज फाडून टाकला, तर त्याची जी स्थिती होईल तीच या थ्रेडांची होत असे.

५. दुरुस्ती

जानेवारी २०१५ मधील दुरुस्तीने या तिन्ही उणिवांना उत्तर दिले. पहिली गोष्ट, निवड करण्यापूर्वी कर्नलजवळ साचलेल्या सर्व घटना एकामागून एक काढून घ्यावयाच्या आणि ज्या त्या थ्रेडच्या नोंदीत प्रलंबित म्हणून ठेवावयाच्या. त्यानंतर प्रलंबित घटनांपैकी एक निवडावयाची. प्रलंबित काही नसेल तर पुन्हा कर्नलकडे जावयाचे. ही व्यवस्था दोन्ही रीतींना सारखीच लागू केली गेली. दुसरी गोष्ट, निवडीत कोणत्याही जातीची प्रलंबित घटना उमेदवार मानावयाची. तिसरी गोष्ट, ब्रेकपॉइंटवरील घटना टाकून न देता लक्षात ठेवावयाची. थ्रेडला पुढे सोडण्याची वेळ येईल तेव्हा त्याचा आज्ञा-निर्देशक त्याच जागी आहे काय आणि तो ब्रेकपॉइंट अद्याप बसविलेला आहे काय, हे पाहावयाचे. तसे असेल तर घटना कळवावयाची. नसेल तरच ती सोडून द्यावयाची. दूरस्थ यंत्रावर चालणाऱ्या जीडीबीसर्व्हर या जोडआज्ञावलीतही त्याच महिन्यात समांतर बदल झाला.

या तीन बदलांपैकी सर्वांत अधिक लक्ष वेधून घेतो तो यदृच्छ निवडीचा विस्तार, आणि दुरुस्तीचा उल्लेख बहुधा त्याच नावाने होतो. परंतु संहितेच्या रचनेच्या दृष्टीने पाहता महत्त्व दुसऱ्याच गोष्टीला आहे. ऐकणे आणि निवडणे या दोन क्रिया पूर्वी एकत्र मिसळलेल्या होत्या. कर्नलचे उत्तर ऐकणे म्हणजेच त्याची निवड मान्य करणे, असा प्रकार होता. नव्या रचनेत त्या वेगळ्या झाल्या : आधी सर्वांचे ऐकून घ्यावयाचे, नंतर निवडावयाचे. निवड कोणत्या पद्धतीने करावी हा प्रश्न त्यानंतरचा. क्रिया वेगळ्या झाल्यामुळेच तो प्रश्न विचारता येऊ लागला. एरवी ती निवड डिबगरच्या हातीच नव्हती.

६. तीन शब्द व एक निकष

या दुरुस्तीचे मूल्यमापन कोणत्या निकषाने करावे? समांतर क्रियांच्या शास्त्रात यासाठी परिभाषा उपलब्ध आहे. १९८१ मध्ये लेमन, न्यूएली व स्ताव्ही यांनी एका निबंधात तीन शब्दांचा भेद केला, आणि निबंधाच्या शीर्षकातच त्याला नीतिशास्त्राचा संदर्भ दिला. मराठीत ते शब्द निःपक्षपात, न्याय आणि रास्तपणा असे ठेवता येतील. ‘रास्त’ हा शब्द येथे हेतुतः घेतला आहे. ‘रास्त भावाचे दुकान’ या प्रयोगामुळे त्याची अर्थच्छटा मराठी वाचकाला परिचित आहे, आणि न्यायालयीन न्यायापासून तो पुरेसा दूर राहतो.

त्या तिघांच्या अर्थाने निःपक्षपात म्हणजे प्रत्येकाला, त्याची पात्रता असो वा नसो, अनंत वेळा पाळी मिळणे. न्याय म्हणजे जो एका क्षणापासून अखंडपणे पात्र राहिला आहे त्याला पाळी मिळाल्यावाचून न राहणे. रास्तपणा त्याहून कडक आहे : जो अखंडपणे नव्हे, पण पुन्हा पुन्हा पात्र होत राहतो, त्यालाही पाळी मिळाली पाहिजे. शास्त्रात दुसऱ्याला दुर्बल व तिसऱ्याला सबल असेही म्हणतात. न्याय पुरविणे तुलनेने सोपे असते. रास्तपणा पुरविणे अवघड, कारण पात्रता ज्या क्षणी असते नेमका तोच क्षण निवडणाराच्या हाती लागला पाहिजे.

हा भेद लक्षात घेतला की २०१५ च्या दुरुस्तीतील तिसऱ्या बदलाचे खरे महत्त्व ध्यानात येते. घटना रद्द करण्याच्या जुन्या पद्धतीत थ्रेडची पात्रता तुटक होती. तो ब्रेकपॉइंटवर येई, पात्र होई. घटना टाकली जाई, तो अपात्र होई. कर्नलने पुन्हा पाळी दिली तर पुन्हा पात्र होई. अशा थ्रेडची दाद लागावयाची तर व्यवस्था सबल अर्थाने रास्त असावयास हवी होती, आणि ते सामर्थ्य डिबगरजवळ नव्हते, कारण मधल्या काळात सर्व काही कर्नलच्या स्वाधीन होते. घटना लक्षात ठेवण्याच्या नव्या पद्धतीत थ्रेड एकदा पात्र झाला की घटना कळविली जाईपर्यंत पात्रच राहतो. ब्रेकपॉइंटच काढून टाकला किंवा निर्देशक हलविला तर गोष्ट वेगळी, कारण तेव्हा कळविण्यासारखे काही उरलेलेच नसते. पात्रता अखंड झाल्यामुळे दुर्बल न्यायही पुरेसा होतो. म्हणजे दुरुस्ती करणाराने निवडीची पद्धत कडक केली नाही. ज्यावर निवड करावयाची ती वस्तूच अशी केली की सोपी पद्धत तिला पुरावी. या बदलाचे समर्थन निवेदनात केवळ थ्रेड पुढे सरकण्यास होणाऱ्या विलंबाच्या आधारे केलेले आहे. वर दिलेले कारण त्याहून मूलगामी आहे, आणि बदलाचे श्रेय त्यामुळे वाढते.

७. आक्षेप

असे असले तरी ही व्यवस्था सर्वथा निर्दोष आहे असे म्हणता येत नाही. चार आक्षेपांचा विचार करणे इष्ट होईल.

पहिला आक्षेप यदृच्छ निवडीवर. दहा थ्रेडांजवळ सतत प्रलंबित घटना असतील तर एका निवडीत विशिष्ट थ्रेड वगळला जाण्याची शक्यता दहात नऊ असते. लागोपाठ १० निवडींत तो वगळला जाण्याची शक्यता शेकडा सुमारे ३५. ५० निवडींत हजारात सुमारे ५. १०० निवडींत लाखात तीनहूनही कमी. शक्यता शून्याकडे जाते हे खरे, परंतु अमुक निवडींच्या आत दाद लागेलच, अशी हमी कोठेच मिळत नाही. उलट पाळीपाळीने निवड केली असती, म्हणजे मागील खेपेस निवडलेल्या थ्रेडच्या पुढील थ्रेडापासून पाहणी सुरू केली असती, तर दहा थ्रेडांत कोणालाही नऊहून अधिक वेळा थांबावे लागले नसते. त्यासाठी केवळ एका स्थानाची आठवण ठेवणे पुरेसे होते. आगमनाच्या क्रमाने निवड करणे मात्र शक्य नव्हते, कारण कोणती घटना आधी घडली हे ‘वेटपिड’ सांगत नाही.

यदृच्छ निवडीच्या बाजूनेही दोन गोष्टी सांगता येतात. थ्रेड निर्माण होत असतात व संपत असतात. अशा बदलत्या सूचीत ‘पुढील’ या शब्दाचा अर्थ जपणे वाटते तितके सोपे नसते. शिवाय आज्ञावलीला स्वतःची एक लय असू शकते, आणि पाळीची लय तिच्याशी जुळून गेली तर काही गुंतागुंतीचे प्रसंग कधी दिसणारच नाहीत. फासे अशी लय जुळू देत नाहीत. या दोन्ही गोष्टी मान्य केल्या, तरी ज्या साधनाचे काम अनिश्चिततेचा शोध घेणे हे आहे त्याने स्वतः अनिश्चिततेत भर घालावी काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

दुसरा आक्षेप अपवादाविषयी. सर्व थ्रेड थांबविण्याच्या रीतीत, ज्या थ्रेडला एक पाऊल चालविले जात आहे त्याच्या घटनेला निवडीत अग्रक्रम दिला जातो, बाकीच्यांसाठी फासे. हा अपवाद समर्थनीय आहे. अशी पावलाची घटना मागे ठेवली आणि दरम्यान वापर करणाराने तो थ्रेड सरळ पुढे सोडला, तर नंतर ती घटना डिबगरच्या मध्यवर्ती भागाला निरर्थक वाटेल आणि तो तिला कोठूनसा आलेला सिग्नल म्हणून कळवील. तेव्हा अपवादाचे कारण कृपा हे नव्हे. त्या घटनेचा अर्थ तिच्या क्षणाशी बांधलेला आहे. वाक्यातील सर्वनामाप्रमाणे ती संदर्भापासून दूर नेली की दुर्बोध होते. शिवाय असा थ्रेड एका वेळी एकच असतो. हा आक्षेप म्हणून टिकत नाही. अपवाद कसा असावा याचे ते चांगले उदाहरण ठरते.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे. न्यायाची ही व्यवस्था एका ठिकाणी नाही. २०१५ मध्येच पुढे, सर्व थांबविण्याची रीत इतरांना चालू ठेवणाऱ्या रीतीच्या आधारावर उभी करण्यात आली, तेव्हा डिबगरचा मध्यवर्ती भागही स्वतःजवळ प्रलंबित घटना ठेवू लागला आणि त्यांतून यदृच्छ निवड करू लागला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दहाव्या आवृत्तीत एकाच वेळी अनेक लक्ष्यांवर काम करण्याची सोय झाली, तेव्हा कोणत्या प्रक्रियेपासून विचारपूस सुरू करावी हेही यदृच्छया ठरू लागले. म्हणजे एकावर एक असे तीन थर झाले आणि प्रत्येक थर आपापले फासे टाकतो. प्रत्येक थर आपल्यापुरता न्यायी असला तरी संपूर्ण व्यवस्थेतील वाटणी समान होते असे नव्हे. एका प्रक्रियेत एकच थ्रेड आणि दुसरीत नव्याण्णव थ्रेड असतील, व आधी प्रक्रिया आणि मग थ्रेड अशी निवड होत असेल, तर एकट्या थ्रेडला निम्म्या पाळ्या मिळतात आणि उरलेल्या निम्म्या नव्याण्णवांत वाटल्या जातात. कोणाचीच उपासमार होत नाही हे खरे. परंतु ‘समान अग्रक्रम’ हे शब्द येथे लागू पडत नाहीत. समानता कोणामध्ये, थ्रेडांमध्ये की प्रक्रियांमध्ये, याचा निर्णय संहितेने कोठेही स्पष्ट शब्दांत घेतलेला नाही. तो थरांच्या रचनेतून आपोआप घडून आला आहे. ज्या योगायोगाला दुरुस्तीने खालच्या थरातून घालविले तोच वरच्या थरात वेष बदलून आला आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

चौथा आक्षेप सिद्धतेविषयी. दुरुस्तीबरोबरच एक चाचणी लिहिली गेली आणि तिच्या नावातच रास्त घटनांचा उल्लेख आहे. तिच्यात अनेक थ्रेड न संपणाऱ्या फेऱ्यात फिरत असता त्यांना पावलापावलाने चालविले जाते आणि अशा गर्दीत थ्रेडला पाठविलेल्या सिग्नलाची दखल ठरावीक कालमर्यादेत घेतली जाते किंवा नाही, हे पाहिले जाते. आता एड्सगर डायक्स्ट्रा यांचा या संपूर्ण कल्पनेवरच एक आक्षेप होता. कोणत्याही सान्त निरीक्षणाने रास्त व्यवस्था आणि अरास्त व्यवस्था यांतील भेद दाखविता येत नाही, सबब त्या कल्पनेला व्यवहारात अर्थ नाही, असे त्यांनी १९८७ च्या सुमारास लिहिलेल्या एका टिपणात प्रतिपादिले. त्यावर लॅम्पोर्ट व श्नायडर यांनी उत्तर दिले : हाच युक्तिवाद ‘आज्ञावली केव्हातरी संपेल’ या विधानालाही लागू पडतो, आणि ते विधान तर कोणी निरर्थक मानीत नाही.

या वादाचा निर्णय येथे करावयाचा नाही. परंतु जीडीबीच्या चाचणीने त्यातून जो मार्ग काढला तो ध्यानात घेण्यासारखा आहे. चाचणीने ‘केव्हातरी’ या शब्दाच्या जागी ‘इतक्या सेकंदांत’ हे शब्द ठेवले. विधान तपासण्याजोगे झाले, परंतु ते विधानही बदलले. चाचणी यशस्वी झाली तर व्यवस्था रास्त आहे असे सिद्ध होत नाही. ती पुरेशी त्वरित आहे एवढेच दिसते. चाचणी फसली तरी व्यवस्था अरास्त आहे असे सिद्ध होत नाही. कदाचित यंत्र मंद असेल, कदाचित फासे प्रतिकूल पडले असतील. नावात रास्तपणा असलेली चाचणी वस्तुतः विलंबाची चाचणी आहे. ती निरुपयोगी नव्हे. तिच्यावाचून जुना दोष पुन्हा शिरला तर कळणारच नाही. मात्र तिने काय सिद्ध केले हे सांगताना शब्द जपून वापरावयास हवेत. पाळीपाळीने निवड असती तर, वर दाखविल्याप्रमाणे, सेकंदांऐवजी निवडींच्या संख्येवर मर्यादा घालता आली असती, आणि ती मर्यादा यंत्राच्या वेगावर अवलंबून राहिली नसती. पहिल्या व चौथ्या आक्षेपांचा असा परस्परसंबंध आहे.

८. रूपकाविषयी

शेवटी एक शब्दविचार. या सर्व संहितेत दोषाला ‘उपासमार’ असे नाव आहे. हे रूपक साधनसामग्रीच्या वाटपातून आलेले आहे : एका गोलाकार मेजाभोवती बसलेले आणि काट्यांसाठी थांबलेले तत्त्वज्ञ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. तेथे जे मिळत नाही ते भक्ष्य आहे. उपाशी राहणाराला काहीतरी घ्यावयाचे असते. डिबगरच्या बाबतीत स्थिती नेमकी उलट आहे. थ्रेडला काही घ्यावयाचे नसून काही सांगावयाचे आहे, आणि त्याचे ऐकले न गेल्याने हानी त्याची तर होतेच, परंतु त्याहून अधिक ऐकणाराची होते. मराठीत यासाठी नेमका वाक्प्रचार आहे : दाद न लागणे. गाऱ्हाणे घेऊन आलेला दारी उभा आहे, त्याला कोणी नाकारलेले नाही, पण त्याची सुनावणीही होत नाही.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. उपासमारीच्या रूपकात विचार केला की उपाय वाटपाचा सुचतो : सर्वांना सारखा वाटा द्या, फासे टाका. दाद लागण्याच्या रूपकात विचार केला की उपाय नोंदीचा सुचतो : आलेले गाऱ्हाणे प्रथम नोंदवून घ्या, ते हरवू देऊ नका, मग क्रम ठरवा. २०१५ च्या दुरुस्तीत हे दोन्ही उपाय एकत्र आले आहेत. टिप्पण्यांची भाषा पहिल्या उपायाचे वर्णन करते. दुरुस्तीचे बळ मात्र दुसऱ्या उपायात आहे.

९. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. कर्नलच्या सूचीतील योगायोगाने पडलेल्या क्रमाला अग्रक्रमाचे स्वरूप येणे, हा मूळ दोष होता. दुरुस्तीचा गाभा ऐकणे व निवडणे यांची फारकत करण्यात आणि प्रलंबित घटना टिकवून धरण्यात आहे. त्यामुळे थ्रेडची पात्रता अखंड झाली आणि दुर्बल न्यायाने काम भागू लागले. यदृच्छ निवड हा त्या गाभ्याचा अनिवार्य भाग नाही. पाळीची निवडही तेथे बसू शकली असती आणि तिने निश्चित मर्यादाही दिली असती. निरनिराळ्या थरांतील स्वतंत्र निवडींमुळे ‘समान अग्रक्रम’ या शब्दांचा अर्थ संदिग्ध झाला आहे आणि तो स्पष्ट करण्याचे काम अद्याप शिल्लक आहे.

पदव्युत्तर अभ्यासकांना या शेवटच्या प्रश्नावर काम करण्यास वाव आहे. थरांतील निवडींचा एकत्र परिणाम काय होतो याचे गणित अवघड नाही, आणि संहिता सर्वांना वाचावयास खुली आहे. तिचे वाचन करताना टिप्पणी काय म्हणते आणि रचना काय करते, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारले जावेत.